काखेत कळसा : नवीन ॲप घेण्याआधी घरातली डिजिटल साधने वापरूया



जून उजाडला की वह्या-पुस्तकांच्या यादीबरोबर आणखी एक विचारणा सुरू होते. "मॅडम, पाचवीसाठी कुठलं ॲप चांगलं?" "बाई, टॅब घेऊन दिला तर गणित सुधारेल का?" आपल्या टिटवाळ्यात हा प्रश्न जरा जास्तच ऐकू येतो. परवडणाऱ्या घरासाठी मांडा-टिटवाळ्यापर्यंत आलेली कितीतरी कुटुंबं इथे आहेत. पहाटेच्या लोकलने कल्याण, ठाणे, मुंबई गाठायची आणि रात्री परत यायचं, असा दिवस. मुलाच्या अभ्यासाला वेळ देता येत नाही ही बोच आईवडिलांच्या मनात असतेच. विकणारा माणूस नेमकं तिथेच बोट ठेवतो. घराच्या हप्त्याशेजारी मग ॲपचा हप्ता येऊन बसतो.

अशा वेळी मी पालकांना एकच उलट प्रश्न विचारते, "आधीचं जे घेतलंय, ते कुठवर वापरून झालं?" बहुतेक वेळा उत्तराआधी थोडी शांतता असते. हा प्रश्न शाळांनाही लागू आहे. आपल्या कपाटातही काही कमी वस्तू पडलेल्या नाहीत.

आजच्या लेखात तीन गोष्टी पाहू. आपल्याकडे आधीच काय आहे, ते पडून का राहतं, आणि एका पाठासाठी ते तीन आठवडे कसं वापरून बघायचं. शेवटी, खरेदी करावीच लागली तर काय तपासायचं तेही पाहू.

१. आधी यादी करूया

कागद घ्या आणि चार रकाने आखा.

पहिला रकाना : पैसे देऊन घेतलेलं. ॲपची वर्गणी, टॅब, शिकवणी वर्गाने दिलेलं मेमरी कार्ड किंवा पेन ड्राइव्ह, इंग्रजी बोलायला शिकवणारा कोर्स. प्रत्येकापुढे मुदत कधी संपते ते लिहा. लॉगिन आठवतंय का, तेही लिहा. पासवर्ड विसरल्यामुळे बंद पडलेली वर्गणी ही फार सामान्य गोष्ट आहे.

दुसरा रकाना : पाठ्यपुस्तकाबरोबर आलेलं. बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड छापलेले असतात. 'दीक्षा' ॲपमधून तो स्कॅन केला की त्या पाठाचे व्हिडिओ आणि सराव उघडतात. कॅमेरा खराब असेल तर कोडखाली छापलेली सहा चिन्हं टाइप केली तरी चालतं. दीक्षा हा केंद्र सरकारचा मंच ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झाला आणि तो मोफत आहे. पाठ घरच्या वायफायवर डाउनलोड करून ठेवला तर नंतर नेट लागत नाही. ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर पुस्तकांच्या पीडीएफही फुकट मिळतात. १९७१ पासून निघणाऱ्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक तिथेच वाचायला आहेत.

तिसरा रकाना : सगळ्यांसाठी खुलं असलेलं. प्रथम बुक्सचं 'स्टोरीवीव्हर' २०१५ पासून सुरू आहे. त्यावर मराठी गोष्टी वाचनाच्या चार पातळ्यांत लावलेल्या आहेत. त्या डाउनलोड करता येतात, छापून वर्गात वाटल्या तरी परवानगीचा प्रश्न येत नाही. गणित-विज्ञानासाठी अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचं 'फेट' आहे. पडद्यावर हात लावून प्रयोग करता येतील अशी ही सिम्युलेशन्स आहेत, आणि त्यातली बरीच मराठीतही आहेत. भूमितीसाठी 'जिओजेब्रा' आहे. वाचनात अडखळणाऱ्या मुलासाठी गूगलचं 'रीड अलाँग' आहे. मूल मोठ्याने वाचतं आणि ॲप ऐकून चुकलेला शब्द दाखवतं.

चौथा रकाना : वस्तू आणि माणसं. जुना मोबाइल, टीव्ही, स्पीकर, शाळेतला प्रोजेक्टर, आणि संध्याकाळी वीस मिनिटं मोकळी असलेली आजी किंवा ताई. हा शेवटचा भाग गमतीने लिहिलेला नाही. पुढे तोच सगळ्यात महत्त्वाचा ठरणार आहे.

यादी पूर्ण झाली की बहुतेक घरांत 'काखेत कळसा आणि गावाला वळसा' असंच चित्र दिसतं.

२. मग हे सगळं पडून का राहतं?

दोष फक्त आळसाचा नाही. कारणं साधी आहेत.

पहिलं कारण, साधन घेताना अडचण ठरलेली नसते. 'गणित सुधारावं' ही इच्छा झाली. 'भागाकारात हातचा कुठे जातो ते कळत नाही' ही अडचण झाली. ॲपमध्ये शेकडो व्हिडिओ असतात, पण आपल्या मुलाला त्यातला कुठला हवा हे कुणी ठरवलेलं नसतं. मूल पहिल्या धड्यापासून सुरू करतं आणि आठ दिवसांत कंटाळतं.

दुसरं कारण, वेळ ठरलेली नसते. त्यातून टिटवाळ्यासारख्या ठिकाणी घरातला चांगला फोन वडिलांच्या खिशातून लोकलने ठाण्याला जातो. तो परत येतो तेव्हा मूल झोपायला आलेलं असतं.

तिसरं कारण, शेजारी कुणी नसतं. व्हिडिओ थांबवून "आत्ता काय म्हणाले ते तुझ्या शब्दांत सांग" असं म्हणणारं माणूस नसलं की मूल नुसतं बघतं. बघणं आणि शिकणं यात फरक आहे.

प्रथम संस्थेच्या 'असर २०२४' या ग्रामीण भारताच्या पाहणीत हेच दिसलं. १४ ते १६ वयोगटातल्या ८२ टक्के मुलांनी आपल्याला स्मार्टफोन वापरता येतो असं सांगितलं. त्यांच्यापैकी ५७ टक्के मुलांनी आधीच्या आठवड्यात तो अभ्यासाच्या कामासाठी वापरला होता आणि ७६ टक्के मुलांनी समाजमाध्यमांसाठी. म्हणजे फोन आहे, वापरताही येतो. अभ्यासाला तो कमी लागतो.

आता कुणी म्हणेल, घरटी एक चांगला लॅपटॉप दिला तर प्रश्न सुटेल. हा प्रयोग जगात मोठ्या प्रमाणावर होऊन गेला आहे. दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाने ग्रामीण शाळांतल्या मुलांना स्वस्त लॅपटॉप वाटले. ३१९ शाळांचा अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. लॅपटॉप मिळालेल्या शाळांत मुलामागे एकाहून अधिक संगणक होते. तरीही गणित आणि भाषेच्या चाचण्यांत फरक आढळला नाही. सर्वसाधारण विचारक्षमतेच्या काही चाचण्यांत मात्र थोडा फायदा दिसला. यंत्रं वाईट नव्हती. पण वर्गातल्या पाठाशी त्यांची गाठ कुणी घालून दिली नव्हती.

३. आपल्या जवळची दोन उदाहरणं

गाठ घातली की काय होतं, हे पाहायला लांब जायला नको. आपल्याच कसारा लाइनवर पुढे शहापूर तालुका लागतो. तिथल्या पष्टेपाडा या जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड या शिक्षकांनी लोकसहभागातून डिजिटल शाळा उभी केली. ती पाहायला राज्यभरातून शिक्षक आले. २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम सुरू झाला आणि गावोगावच्या शाळांत लोकवर्गणीतून प्रोजेक्टर, टीव्ही, टॅब येऊ लागले. अनेक शिक्षकांनी पदरचे पैसे घातले. हे आपल्या राज्यातलं अभिमानाचं पान आहे.

दुसरं उदाहरण सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्याचं. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले. मुलाच्या हातात पुस्तक होतंच, पालकाच्या हातात फोन होता. त्या दोन्हींना जोडणारा छोटा चौकोन तेवढा त्यांनी घातला. पुढे हीच कल्पना राज्याच्या पुस्तकांत आली. डिसले सरांना डिसेंबर २०२० मध्ये दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली.

या दोन्ही शाळांतून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. साधन कुठलंही असो, ते शिक्षकाने पाठाला बांधलं. आपल्याला घरी आणि वर्गात तेवढंच करायचं आहे.

४. करून पाहू : एक पाठ, तीन आठवडे

उदाहरण म्हणून पाचवीच्या गणितातला अपूर्णांकांचा पाठ घेऊ. इथे मुलं हमखास अडखळतात. "१/३ मोठा की १/४?" असं विचारलं की बरीच मुलं १/४ म्हणतात, कारण ४ हा ३ पेक्षा मोठा. अडचण एवढीच नेमकी ठरवा : समान अंश असलेल्या अपूर्णांकांत लहान-मोठा ओळखणे.

सुरुवातीची चाचणी (१० मिनिटं). पाच प्रश्न तोंडी विचारा.
- १/३ मोठा की १/४?
- १/२ मोठा की १/५?
- ३/८ मोठा की ३/५?
- पाव किलो आणि पाऊण किलो यांतलं जास्त कुठलं? ते अपूर्णांकात लिहून दाखव.
- एक पोळी सहा जणांत वाटली तर जास्त मिळेल की चार जणांत? का?

किती बरोबर आले ते तारखेसह लिहून ठेवा. 'का' ला दिलेलं उत्तर मुलाच्याच शब्दांत लिहा. तो शब्द पुढे उपयोगी पडतो.

पहिला आठवडा : पडद्याशिवाय. पोळी, कागदाची पट्टी, आणि आपली मराठी भाषा. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द मुलाने बाजारात ऐकलेले असतात. भाजीवाल्याकडे पाव किलो मागणाऱ्या मुलीला एक चतुर्थांश माहीत असतो, फक्त १/४ असं लिहिलं की ओळखीचा वाटत नाही. दोन सारख्या पट्ट्या घ्या. एकीचे तीन समान भाग करा, दुसरीचे चार. एकेक तुकडा शेजारी ठेवा. "वाटेकरी वाढले की वाटा लहान" हे मुलाने स्वतः म्हटलं पाहिजे.

दुसरा आठवडा : पुस्तकातला क्यूआर कोड. त्या पाठाचा कोड स्कॅन करून एकच व्हिडिओ निवडा. आधी तुम्ही स्वतः बघा. सगळे व्हिडिओ सारखे नसतात, काही रटाळ आहेत, हे मान्यच करायला हवं. चांगला वाटेल तो डाउनलोड करून घरातल्या जुन्या फोनमध्ये ठेवा. आठवड्यातून तीन दिवस, रोज १५ ते २० मिनिटं. दर दोन-तीन मिनिटांनी थांबवा आणि विचारा, "पुढे काय होईल असं वाटतं?" मग वहीत तीन उदाहरणं. वही नसेल तर पडदा सुरू करायचा नाही, असा नियम ठेवा.

तिसरा आठवडा : फेट किंवा आधी घेतलेलं ॲप. फेटच्या अपूर्णांकांच्या सिम्युलेशनमध्ये वर्तुळ, पट्टी, संख्यारेषा यांचे हवे तेवढे भाग करून बघता येतात. मुलाला आधी अंदाज करायला सांगा, "१/६ चा तुकडा १/४ पेक्षा केवढा दिसेल? बोटाने दाखव." मग पडद्यावर पडताळा. घरात पैसे भरलेलं ॲप असेल तर त्यातला हाच पाठ शोधून काढा आणि फक्त तेवढाच वापरा. पैसे दिलेल्या आणि फुकट मिळालेल्या साधनाची तुलना इथे आपोआप होते.

शेवटची चाचणी. तेच पाच प्रश्न, आकडे बदलून. पहिल्या दिवशी दोन बरोबर होते आणि आता चार आले, तर साधन चाललं. फरक पडला नाही, तर आता तुम्हाला नेमकं माहीत आहे की काय चाललं नाही. दोन्ही उत्तरं उपयोगाची आहेत.

वाचनासाठीही हाच क्रम चालतो. अडचण ठरवा, उदाहरणार्थ जोडाक्षरं. स्टोरीवीव्हरवरची मुलाला झेपेल त्या पातळीची एक गोष्ट निवडा आणि एका आठवड्यात तीच तीनदा वाचून घ्या. दर वेळी अडखळलेले शब्द मोजा. घरातल्या आजींना मोबाइल कळत नसला तरी गोष्ट ऐकता येते. "हं, मग काय झालं?" एवढं त्या म्हणाल्या की मूल पुढचं पान उघडतं.

५. शाळेसाठी : डेडस्टॉक रजिस्टर आणि वापराची वही

शाळेत आलेली प्रत्येक वस्तू आपण डेडस्टॉक रजिस्टरला चढवतो. टॅब १०, प्रोजेक्टर १, स्पीकर २. वस्तू आहे की नाही हे त्यातून कळतं. किती मुलांनी ती कशासाठी हाताळली हे कळत नाही. म्हणून त्याच्या शेजारी एक साधी वापराची वही ठेवावी. तारीख, इयत्ता, पाठ, किती मुलं, काय अडलं, एवढे पाचच रकाने.

शेवटचा रकाना सगळ्यात कामाचा आहे. महिनाभराने वही उघडली की लक्षात येतं की अडचण बहुतेक वेळा किरकोळ होती. एका टॅबचा चार्जर नाही. प्रोजेक्टरची केबल सैल आहे. आवाज मागच्या बाकापर्यंत पोचत नाही. पासवर्ड बदली झालेल्या शिक्षकांकडे आहे. नव्या संचाची मागणी करण्याऐवजी एक केबल आणि एक स्पीकर आणला तर दहा टॅब पुन्हा वर्गात येतात.

दहा टॅब आणि चाळीस मुलं असली तरी अडत नाही. चार मुलांत एक टॅब द्या. एक हाताळेल, एक मोठ्याने वाचेल, एक वहीत लिहील, एक प्रश्न विचारेल. दर पाच मिनिटांनी कामं बदला. प्रत्येकाला वेगळा टॅब दिला तर होणार नाही एवढं बोलणं या गटात होतं.

दात्यांशी बोलतानाही ही वही उपयोगी पडते. वर्षाच्या शेवटी एखादं मंडळ किंवा माजी विद्यार्थी "शाळेला काय देऊ?" असं विचारतात. हातात वही असली की "टॅब द्या" असं मोघम सांगावं लागत नाही. नेमकी गरज सांगता येते.

६. "फुकटचं ते हलकंच असणार ना?"

पालकांच्या मनातली ही शंका खोटी नाही. मोफत साहित्यात दर्जा कमीजास्त असतो, भाषा कधी पुस्तकी असते, नेट अडकतं. पैसे देऊन घेतलेल्या ॲपची मांडणी जास्त आकर्षक असू शकते. पण सगळ्यांत महाग ॲपसुद्धा तुमचं मूल कुठे अडतं ते घरी बसून ओळखत नाही. ते काम आई, बाबा, शिक्षक यांचंच आहे.

दुसरी शंका, "फोन दिला की तो यूट्यूबवर भलतीकडेच जातो." म्हणूनच जुना फोन, सिम कार्डाशिवाय, आधी डाउनलोड केलेला पाठ, आणि घरातल्या हॉलमध्ये बसून. नेट नसलं की भलतीकडे जाण्याची वाटच बंद होते.

आणि एक खरी अडचण अशी की काही घरांत जुना फोनही नसतो. तिथे शाळेने पुढाकार घ्यावा. शनिवारी शाळा सुटल्यावर अर्धा तास शाळेचे टॅब त्या मुलांसाठी उघडे ठेवता येतात. कपाटात ठेवलेली वस्तू ज्याला सगळ्यात जास्त हवी, त्याच्यापर्यंत ती आधी जावी.

७. तरीही घ्यायचं असेल तर

कधी कधी खरेदी योग्यच असते. दृष्टिदोष असलेल्या मुलाला मोठा पडदा हवा असतो, एखाद्या विषयाला मराठीत चांगलं साहित्य मिळत नाही. तेव्हा स्वतःला हे विचारा :

- कुठल्या एका अडचणीसाठी घेतोय, ते एका वाक्यात सांगता येतं का?
- तीन आठवडे आहे ते वापरून पाहिलं का? चाचणीचे आकडे काय सांगतात?
- रोज शेजारी कोण बसणार, आणि किती वाजता?
- वर्गणी संपल्यावर हातात काय उरतं?
- पैसे परत मिळण्याची अट लेखी आहे का?

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्ये पालकांसाठी सूचना काढल्या होत्या. खात्यातून आपोआप पैसे कापले जाण्याची परवानगी टाळा, अटी वाचल्याशिवाय संमती देऊ नका, पावती मागा, आपल्या नकळत कर्जावर सही होत नाही ना ते पाहा, असं त्यांत स्पष्ट म्हटलं होतं. 'मासिक हप्ता' या गोड शब्दामागे कधी कधी चक्क कर्ज असतं. शिकणं थांबलं तरी त्याचे हप्ते थांबत नाहीत.

चौथा प्रश्नही हलका समजू नका. एकेकाळी देशातली सर्वांत मोठी मानली गेलेली बायजूज ही कंपनी जुलै २०२४ मध्ये दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. कंपनी अडचणीत आली की वर्गणीचं साहित्य उद्या उघडेल की नाही, याची खात्री राहत नाही. डाउनलोड केलेली बालभारतीची पीडीएफ आणि मुलाच्या वहीतली उदाहरणं मात्र तुमच्याजवळच राहतात.

या रविवारी एवढंच करा

चार रकान्यांची यादी करा. मुलाला जवळ बसवून विचारा, "सध्या सगळ्यात जास्त कुठे अडतं?" त्याने सांगितलेली एकच अडचण निवडा, यादीतलं एकच साधन निवडा, आणि सोमवार ते शनिवारातले तीन वार कॅलेंडरवर खूण करून ठेवा. कामावरून उशिरा येणाऱ्या बाबांनी रविवारी वही बघावी आणि मुलाला एक प्रश्न विचारावा. "तुला काय काय आणून देऊ?" यापेक्षा "आज काय जमलं ते दाखव" हे वाक्य मुलाला जास्त हवं असतं, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

तीन आठवड्यांनी चाचणीचा कागद हातात आला, की काय घ्यायचं आणि काय नाही हे तुम्हाला कुणाला विचारावं लागणार नाही.